वायसर

नवतप्याचा तिसरा दिवस.
दुपारी नळाचं पाणी असं, की
चहापत्ती टाकावी आणि प्यावं.
त्यात ओट्यावरचा हा नळ
आठ दिवसांपासून टपटपतोय.
मी खाली गंज लावून ठेवते,
भरला की कूलरमध्ये ओतते.
म्हणजे वाया तसं काही जात नव्हतं,
झोप तेवढी जात होती.

यांनी अंबाझरीच्या फॅक्टरीत
एकतीस वर्षं पाना धरला.
आमच्या घरात प्लंबर कधी आला नाही,
आला असता तर यांनी त्याला
दारातच तीन प्रश्न विचारून परत पाठवलं असतं.
आता यांचे हात
बशीतल्या कपासारखे वाजतात.
चहा मी अर्धा कपच देते,
दोनदा.
त्यावर आम्ही बोलत नाही.

म्हणून इतवारीत जाऊन मीच मागितला वायसर.
दुकानदार म्हणाला, कोणता?
मी म्हटलं, नळाचा.
तो हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा.
पुड्यातून चार काढले, काळे, बटणाएवढे.
"यातला एक तरी बसनच, मॅडम."

हे स्टूल घेऊन ओट्याजवळ बसले,
मुकादमासारखे.
"आधी मेन कॉक."
गच्चीवर गेले, अनवाणी,
चटके खात बंद करून आले.
"फडकं गुंडाळ, मग पाना लाव.
पितळेला ओरखडा नको.
आता उलटा फिरव."
कोणाचा उलटा? माझा की तुमचा?
हे हवेत हात फिरवून दाखवू लागले
आणि हात आपल्याच मनानं फिरला,
डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.
यांनी तो मांडीखाली दाबला.
"घड्याळ पाहा," म्हणाले. "त्याच्या विरुद्ध."

घड्याळाच्या विरुद्ध फिरवायला
किती जोर लागतो, ते तेव्हा कळलं.

नळ कुरकुरला आणि सुटला.
आतून निघाला जुना वायसर,
चपटा, मध्ये खड्डा पडलेला,
इतकी वर्षं पाण्याला
नाही म्हणून म्हणून झिजलेला.
यांनी तो तळहातावर घेतला, उजेडात धरला.
"हा मीच कापला होता.
पोट्टीच्या चपलेतून. चौथीत होती."
कडेला खरंच निळा रंग होता अजून,
नखाएवढा.

इतवारीचे चारही बसेनात.
मग माळ्यावरून माझी स्लीपर काढली,
अंगठा तुटलेली.
जुना वायसर वर ठेवून पेननं गोल काढला
आणि कात्री चालवली.
पहिला वाकडा गेला.
दुसरा फुगला.
"इडली करून राहिली काय?" हे म्हणाले.
तिसरा जमला.
मधलं भोक खिळा तापवून पाडलं,
घरभर रबराचा वास.
वरून लोखंडेबाईंनी हाक मारली,
"काय जळते वो?"
"काही नाही," मी म्हटलं, "चप्पल."

शेवटचा आटा राहिला होता.
"फार आवळू नको. हाताला कळते.
थांबते तिथं थांबायचं."
माझ्या हाताला काही कळेना.
मग काय वाटलं कोण जाणे,
हे उठले आणि माझ्या हातावर हात ठेवला.
पाना थरथरला,
नळ थरथरला, भिंतीतला पाइप,
खुंटीवरचा झारासुद्धा.
पण आटा बसला.

रात्री तीनला जाग आली.
अजनीकडून मालगाडी गेली,
मग नुसता कूलर.
"झोपला नाही?"
"मोजून राहिलो."
"काय?"
"दहा मिनिटं झाली. एकही नाही पडला."

सकाळी गंज कोरडा.
कूलरसाठी वेगळी बादली भरावी लागली,
ते एक काम वाढलंच.
आठच्या सुमाराला लोखंडेबाई खाली आल्या,
त्यांचा न्हाणीतला नळ गळतोय म्हणे.
"तुमचा प्लंबर कोणता?"
मी पदराला हात पुसत होते.
हे पेपरातून वर न पाहता म्हणाले,
"आहे एक.
चप्पल मात्र तुमची लागन."